नवाबाचा प्रश्न

"काठी नाई, वेसण नाई, चुचकारनं नाई," कुर्बान भिस्ती हॉटेलाच्या बाकड्यावर मांडी ठोकून सांगत होता. "मूर्तिजापूरची आगगाडी एखांद्या दिवशी चुकीन, पन माहा नवाब चुकत नाई. दारापाशी उभा रायते. पानी घागरीत पडल्याचा आवाज आयकला का पुढच्या दारी जाते. मी झोपलो तरी चालते."

हे सांगितलं शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारपर्यंत त्याचा नवाब कोंडवाड्यात होता.

पिंपळखारी गावात विहिरी सतरा, आणि सतराही खाऱ्या. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, परका माणूस तीन दिवस प्याला तर चौथ्या दिवशी लोटा घेऊन पळतो. गोडी विहीर दीड कोसावर, नाल्याच्या काठी. तिथून कुर्बान पाणी आणायचा. नवाब म्हणजे त्याचा तांबडा बैल. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लोंबणारी चामड्याची पखाल, आणि गावात बावीस घरं ठरलेली. तेविसावं ठिकाण म्हणजे पोलीस ठाणं. तिथलं पाणी फुकट, म्हणून शेवटी.

त्या दिवशी ठाण्यात जिल्ह्याचे मोठे पोलीससाहेब तपासणीला येणार होते. पुंजाराम जमादारानं अंगणात नवा मुरूम टाकला होता, दोन्ही बाजूंना चुन्याच्या फक्क्या मारल्या होत्या, आणि पाच शिपाई असे उभे केले होते की त्यांना खोकायचीही परवानगी नव्हती. साहेबाची मोटार दिसली, आणि त्याच वेळी नवाब आपल्या रोजच्या वक्तशीरपणानं ठाण्याच्या फाटकात येऊन उभा राहिला. बरोबर मधोमध.

"हटव त्याले," जमादार दातांतल्या दातांत बोलला.

"साहेब, घागर द्या. पानी वतलं का आपसूकच हटते."

"एक थेंब सांडला त् चामडी काढीन. चुना वला होईन."

कुर्बाननं रेटला, शेपटी पिळली, कानाशी तोंड नेऊन विनवण्या केल्या. नवाब रवंथ करत राहिला. पाण्याचा आवाज झाला नव्हता, तर पुढं जायचं कशाला, एवढा साधा त्याचा हिशेब. मोटार फाटकाबाहेर थांबली. साहेब खाली उतरले, बैलाच्या शेपटीला वळसा घालून आत गेले, आणि मानवंदना देताना पाचही शिपायांचे डोळे नवाबाकडं होते.

साहेब गेल्यावर जमादारानं एका शिपायाच्या हाती लोटा दिला. शिपायानं नवाबाच्या मागं थोडं पाणी ओतलं, नवाब दहा पावलं चालला. पुन्हा ओतलं, पुन्हा दहा पावलं. असा लोट्या-लोट्यानं तो समोरच्या कोंडवाड्यात गेला.

"कशापायी, साहेब? मालक त् मी हातात दोरी धरून उभा हावो."

"मालकाच्यानं हालत नाई ते जनावर मोकाटच," पुंजाराम म्हणाला. "लिहा मुन्शी. मोकाट बैल एक."

कोंडवाड्याचा मुन्शी देवीदास हा लोकल बोर्डाचा नोकर. कान किंचित जड, अक्षर सुरेख. त्यानं लिहिलं.

*

घरी कुर्बानच्या बायकोनं, खातूनबीनं, डब्यातून दंडाचे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. "आत्ताच्या आत्ता जा. आन् घरी आन त्याले. सांज झाली का थो माह्या हातचाच कडबा खाते."

कुर्बान निघाला, पण वाटेत मोरोपंत वकील भेटले, आणि इथून त्याचं नशीब फिरलं. मोरोपंत दर्यापूरचे, कोर्टातलं मोठं नाव, आणि दोन वर्षांपासून नागपूरच्या कौन्सिलाचे मेंबर. पिंपळखारीत त्यांची सभा होती. सभेला माणसं बेताचीच होती, त्यामुळं कुर्बानचं म्हणणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढलं.

"मालक हजर असताना बैल मोकाट ठरवला? पोलिसांनी? आणि लोकल बोर्डाच्या कोंडवाड्यात घातला? कुर्बान, हा बैल नव्हे. हा प्रश्न आहे."

"जी, बैलच हाय. नवाब."

"तू दंड भरू नकोस. दंड भरलास की प्रश्न मेला. पोलीस होम मेंबराच्या हातात, लोकल बोर्ड मंत्र्याच्या हातात. दोघांनाही उभं करतो. तुझ्या बैलाचं नाव नागपूरच्या सभागृहात घेतलं जाईल."

कुर्बान घरी आला तो छाती काढून.

"बैल?" खातूनबीनं विचारलं.

"नागपूरले चालला."

"कोंडवाड्यातून?"

"तुले नाई समजाचं. कौन्सिलात त्याचं नाव निंघनार हाय. लाटसाहेबाच्या फोटोखाली."

"माय, कडबा कापून ठुला मी," खातूनबी म्हणाली, आणि कापलेला कडबा तिनं तसाच झाकून ठेवला.

पाच दिवस कुर्बानचा तोरा टिकला. सहाव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की नाव नागपुरात गेलं तरी पाणी गोड्या विहिरीतच आहे, आणि ते आणायला बैल लागतो. त्यात कायदा असा की सात दिवसांत सोडवलं नाही तर जनावराचा लिलाव. पैसे घेऊन तो मुकाट कोंडवाड्यात गेला.

देवीदासनं मान हलवली. "आता नाई घेता येत, कुर्बानभाई. कागद आला."

"कायचा?"

एरवी सरकारी कागद नागपुराहून पिंपळखारीला यायला दोन महिने घेई. हा पाच दिवसांत आला होता. देवीदासनं बोट ठेवून वाचला: "सदर जनावराविषयी सभागृहात प्रश्न विचारला गेला असल्यानं, उत्तर दिलं जाईपर्यंत जनावर आहे त्या स्थितीत, आहे त्या ठिकाणी ठेवावं."

"मंग लिलाव?"

"नाई होत."

"सोडनं?"

"थेही नाई होत."

"मंग काय होते?"

देवीदासनं कागद उलटून पाहिला. मागं कोरा होता. "उत्तर होते," तो म्हणाला.

*

कुर्बानच्या बापाची जुनी मशक आढ्याला टांगलेली होती. बकऱ्याच्या कातड्याची, एका माणसानं पाठीवर न्यायची. खातूनबीनं ती दोन दिवस भिजत घातली, तेल चोळलं, फाटलं तिथं टाके घातले. आणि कुर्बान बैलाच्या जागी लागला.

पहाटे जायचं, डोलानं पाणी ओढून मशक भरायची, पट्टा कपाळावरून आणि खांद्यावरून घ्यायचा, कंबरेत वाकायचं, आणि दीड कोस चालायचं. नवाबाच्या एका खेपेला मशकीच्या पाच खेपा. शिमग्याआधीच ऊन असं पडलं होतं की काळ्या जमिनीला भेगा गेल्या, आणि भेगांच्या कडा वहाणेतूनही टोचत. पाठीचं कातडं आधी लाल झालं, मग ओलं झालं, मग मशकीला चिकटायला लागलं. रात्री मशक सोडताना खातूनबी कोमट पाण्यानं भिजवून सोडवायची.

"तुमचं कातडं कोनतं आन् मशकीचं कोनतं, मले समजून नाई राह्यलं," ती म्हणायची.

"बकऱ्याचं नरम हाय थे."

बावीस घरांपैकी चौदा घरांना पाणी पोचायचं. उरलेल्या आठ घरांनी शिव्या दिल्या आणि खारं पाणी प्यायलं. ठाण्याला मात्र पोचवावंच लागे. तेही सगळ्यांच्या आधी. "पहिले शेवटी देत व्हता," जमादार म्हणाला, "म्हनून त् हे रामायन झालं."

आणि एक मशक नवाबाला. कोंडवाड्याचा हौद खाऱ्या पाण्याचा. जन्मभर गोडं पाणी वाहिलेला नवाब त्याला तोंड लावेना. कोंडवाड्याला छप्पर नव्हतं. नवाब दगडी भिंतीच्या हातभर सावलीत उभा राही, आणि सावली सरकली की तोही सरके. बोर्डाचा कडबा काळा पडलेला. फासळ्या मोजता यायला लागल्या. कुर्बान आला की तो फाटकाशी येई, नाक पुढं करी. कुर्बान मशकीचं तोंड सोडी. पाण्याचा आवाज ऐकला की नवाब सवयीनं एक पाऊल पुढं टाकी, आणि भिंतीशी थांबे.

कोणीतरी म्हणालं, "कुर्बान, तू त्याले पाजून राह्यला, तुले कोन पाजन?" कुर्बाननं मशकीचं तोंड बांधलं. बोलायला त्याचा दम पुरत नव्हता.

पंधराव्या दिवशी नाल्याच्या चढावर त्याच्या कंबरेत कडकन आवाज झाला. तो तिथंच बसला. मशक खाली आली, तोंड सुटलं, आणि पाणी वाहून गेलं. खातूनबी मागून डोक्यावर घागर घेऊन येत होती. तिनं घागर उतरवली नाही. उतरवली असती तर पुन्हा डोक्यावर चढवायला कोणी नव्हतं. ती तशीच उभी राहिली, मान ताठ, आणि म्हणाली, "उठता येते का?"

"थोडं थांब."

"थांबली."

ती अर्धा तास थांबली. त्या दिवसापासून तो उभा राहिला तरी वाकलेलाच दिसायला लागला.

*

त्यानंतर चौकशी आली. नागपुरानं अमरावतीला विचारलं, अमरावतीनं दर्यापूरला, आणि दर्यापूरचे तहसीलदार स्वतः पिंपळखारीला आले. सोबत उत्तमराव होते. उत्तमराव म्हणजे लोकल बोर्डाचे मेंबर, गावचे मोठे असामी, मागच्या निवडणुकीत मोरोपंतांच्या हातून पडलेले. कोंडवाडा आदल्या दिवशी चुन्यानं रंगवला होता. चुना कालवायला लागलेलं पाणी कुर्बाननंच आणलं होतं. खाऱ्या पाण्यात चुना धरत नाही, असं उत्तमराव म्हणाले.

तहसीलदारांपुढं छापील कागद होता.

"जनावर कुणाचं?"

"माहं, हुजूर."

"जनावराला गोडं पाणी मिळतं का?"

"मियते, हुजूर, पन थे मीच…"

"मिळतं. दिवसातून किती वेळा?"

"दोन डाव. पन हुजूर, दीड कोसावरून माह्या पाठीवर…"

"दोन वेळा. कोण पुरवतं?"

"मी."

"धंदा?"

"भिस्ती."

तहसीलदारांनी कारकुनाकडं पाहिलं. "लिहा. कोंडवाड्यातल्या जनावरांस दिवसातून दोनदा गोडं पाणी दिलं जातं. त्याकरिता भिस्ती आहे." मग कुर्बानकडं वळून, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

पुंजाराम जमादार खुर्चीच्या मागं उभा होता. तो कुर्बानकडं पाहून हसला. पानानं रंगलेले दात, आणि हसणं अगदी मायेचं.

"हाय का काही?" जमादारानंच विचारलं. "सांग ना बापा. भेऊ नोको."

"नाई," कुर्बान म्हणाला.

"नाही," कारकुनानं लिहिलं.

"ताठ उभा राह्य," उत्तमराव म्हणाले. "साहेबापुढं हाये तू."

"ताठ होता येत नाई, मालक."

"पाह्यलं का, साहेब," उत्तमराव तहसीलदारांना म्हणाले, "अदब शिकवा लागत नाई आमच्या गावात." आणि कुर्बानचा अंगठा घेतला.

*

उत्तर पाडव्याच्या आधी चार दिवस मिळालं. मोरोपंत नागपुराहून परस्पर पिंपळखारीला आले, आणि बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभं राहून त्यांनी छापील कागद वाचला. गर्दी झाली. कुर्बानला पुढं बसवलं. खातूनबी मागं बायकांत उभी होती.

"पोलिसांबद्दल होम मेंबर म्हणाले," मोरोपंतांनी चष्मा सावरला, "कोंडवाडे हे लोकल बोर्डाकडं असल्यामुळं हा प्रश्न स्थानिक स्वराज्याच्या मंत्र्यांना विचारावा."

लोक हसले.

"मंत्र्यांना विचारला. मंत्री म्हणाले, बैल पोलिसांनी धरल्यामुळं ही बाब होम मेंबरांची आहे."

लोक आणखी हसले. मोरोपंतांना जोर आला. "मग मी उपप्रश्न टाकला. जनावराच्या प्रकृतीचं काय? मंत्री म्हणाले, सरकारकडं आलेल्या माहितीनुसार जनावरास दिवसातून दोनदा गोडं पाणी मिळतं आणि त्यासाठी भिस्ती आहे. मी विचारलं, हा भिस्ती कोण? मंत्री म्हणाले, त्याकरिता वेगळी नोटीस लागेल."

"मीच," कुर्बान खालून बोलला.

"शांत बस, कुर्बान. पुढं ऐक. मी सरकारला घेरलंच. म्हटलं, एका बैलाच्या अडकण्यानं सबंध गाव गोड्या पाण्यावाचून राहतं, याची सरकारला लाज आहे का? तेव्हा मंत्र्यांना कबूल करावं लागलं. पिंपळखारीसाठी बोर्डामार्फत लोखंडी टाकीची पाण्याची गाडी मंजूर. दोन बैलांची. घरोघर पाणी, बोर्डाच्या खर्चानं."

टाळ्या पडल्या. ज्या आठ घरांनी शिव्या दिल्या होत्या त्यांनी जास्त वाजवल्या.

"आणि बैलाची सुटका. दंड माफ. कुर्बान, उठ, लोकांना तुझा चेहरा दिसू दे."

कुर्बान उठला. चेहरा लोकांना दिसला नाही, कारण तो खाली वाकलेला होता. मागून खातूनबीचा आवाज आला, "वकीलसाहेब, थे गाडी कोन हाकनार?"

मोरोपंतांनी कागद चाळला. "ते बोर्ड ठरवेल."

बोर्डानं संध्याकाळपर्यंत ठरवलं. गाडी उत्तमरावांच्या बैलांची, गडी उत्तमरावांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी खडखडत गावात आली. हिरवा रंग अजून ओला होता, आणि पहिल्या दिवशीच्या पाण्याला रॉकेलचा वास होता. पण फुकट होतं.

*

पाडव्याच्या दिवशी नवाब सुटला. देवीदासनं वहीत सही घेतली, फाटक उघडलं, आणि म्हणाला, "सुटला बिचारा."

खातूनबीनं त्याला ओवाळलं नाही, कुंकू लावलं नाही. तिनं त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला आणि कडबा पुढं केला. त्यानं कडब्याची दोन ताटं खाल्ली, बाकीची हुंगली.

"उद्या पखाल टाकतो," कुर्बान म्हणाला.

"कोनाच्या घरी नेता? सारे टाकीचं पेतात."

"त्या पान्याले रॉकेलचा वास येते. कंटाळतीन. एक डाव सुरू झालं म्हनजे होते. नवाबाले घर पाठ हाय, लोकायले नवाब पाठ हाय."

"पखाल अर्धीच भरा. तुमाले उचलता येत नाई, त्याले वाहता येत नाई."

पण कुर्बाननं पूर्ण भरली. एकेक डोल वर ओढताना त्याच्या तोंडातून आवाज निघे. खातूनबीनं मागून दोर धरला. नवाब पखालीखाली डुलला, पाय फाकवून उभा राहिला, आणि मग चालायला लागला. दीड कोसाला एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागला.

पहिलं घर रामरावांचं. नवाब दारापाशी जाऊन उभा राहिला. नेमका, जिथं रोज उभा राहायचा तिथं. महिन्याभरानंतरही एक वीत चुकला नाही.

"पानी," कुर्बाननं हाक दिली.

आतून आवाज आला, "भरलं रे बापा आज. टाकीचं."

"चाल, नवाब."

नवाब हलला नाही. कुर्बाननं रेटायचा प्रयत्न केला, कंबरेत कळ आली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, पखालीचं तोंड सोडलं, आणि घागरभर पाणी दारातल्या धुळीत सोडून दिलं. आवाज झाला. नवाब पुढं निघाला.

दुसऱ्या दारी तेच. तिसऱ्या दारी तेच. चौथं घर खुर्शीदबीचं, एकटी म्हातारी. तिनं रांजणाचं झाकण काढून दाखवलं, काठोकाठ भरलेला. मग कुर्बानकडं पाहिलं आणि आतून एक लोटा आणला. "दे, नमाजाच्या वुजूले घेतो," ती म्हणाली. कुर्बाननं लोटा भरला. लोट्याचा आवाज लहान पडला, म्हणून वर आणखी थोडं खाली सांडावं लागलं.

दहाव्या घरापर्यंत मागं पोरं जमली. बाराव्या घरापर्यंत कुत्री आली आणि धुळीतलं पाणी चाटायला लागली. "सडा टाकून राह्यला का, कुर्बानभाऊ?" कोणीतरी विचारलं. खातूनबी मागून चालत होती. तिनं पदर डोळ्यांवर ओढला होता, आणि प्रत्येक दाराशी ती पखालीच्या पोटाला हात लावून बघत होती.

"कमी वता," ती हळूच म्हणाली. "पुरनार नाई."

"कमीनं हालत नाई थो."

बाविसाव्या घराशी पखालीतून शेवटची धार पडली. कुर्बाननं पखाल दाबली, पिळली, झटकली. नवाब पुढं निघाला, आणि आपल्या सवयीनं ठाण्याच्या फाटकात जाऊन उभा राहिला. मधोमध.

पखाल रिकामी होती.

फाटकाशी शिपाई उभा होता. "एक लोटा पानी द्या, भाऊ," कुर्बान म्हणाला. "खारं चालते. वताले पाह्यजे फक्त."

शिपायानं आत पाहिलं. पुंजाराम जमादार ओसरीवर दाढी करून घेत होता, अर्ध्या गालावर साबण. "सरकारी पानी हाय थे," तो आतूनच म्हणाला. "कागदाबिगर देता येत नाई. आता त् पार नागपुरापर्यंत जाते सारं."

खातूनबी ठाण्यामागच्या विहिरीकडं पळाली. तिच्याजवळ भांडं नव्हतं. ती पदर भिजवून आली, आणि नवाबाच्या मागं उभं राहून तिनं तो पिळला. चार थेंब पडले. नवाबानं कान हलवला. पाय हलवला नाही.

"मुन्शीले बलाव," जमादार म्हणाला.

देवीदास वही काखेत मारून आला. त्यानं कुर्बानकडं पाहिलं, नवाबाकडं पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "पाव्हन्याले त् आठ दिवस तरी घरी ठुवाचं होतं, कुर्बानभाई." मग तो कोंडवाड्यात गेला आणि हौदातून लोटाभर खारं पाणी घेऊन आला. नवाबाच्या मागं थोडं ओतलं. नवाब दहा पावलं चालला. पुन्हा ओतलं, पुन्हा दहा पावलं. कोंडवाड्याचं फाटक सकाळपासून उघडंच होतं.

आत भिंतीच्या सावलीशी जाऊन नवाब रिकाम्या पखालीसकट खाली बसला. देवीदासनं पावती लिहिली, पण त्याचे हात ओले होते आणि शाई पसरली, म्हणून त्यानं ती फाडली आणि दुसरी लिहिली. मोकाट बैल, एक.